सर्व्हर घेतला, पण लायसन्सचं काय? छोट्या ऑफिससाठी सोपा हिशोब



मागच्या व्हिडिओत आपण दहा-बारा माणसांच्या ऑफिसचं नेटवर्क कसं उभं करायचं ते पाहिलं. केबल, स्विच, यूपीएस, बॅकअप, सगळं बोलून झालं. एक विषय मात्र मी मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण तो दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही. तो म्हणजे सर्व्हर सॉफ्टवेअरचं लायसन्स. आज फक्त तेवढंच. कागद-पेन घेऊन बसा, कारण शेवटी तुम्हाला तुमच्याच ऑफिसचा हिशोब मांडायचा आहे.

आधी एक घडलेली गोष्ट

माझ्या कार्यशाळेला येणारे एक गृहस्थ औषधांचे होलसेल वितरक आहेत. ऑफिसात ११ माणसं. त्यांनी ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून सर्व्हर बसवून घेतला. मशीन, विंडोज सर्व्हर, सेटिंग, "सगळं टाकून" एकच रक्कम. बिल मागितलं तर "देतो की साहेब, कुठं पळून चाललोय!"

जवळजवळ सहा महिने सर्व्हर मस्त चालला. मग एका महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे नेमकं जीएसटीआर-३बी भरायच्या दिवशी, तो आपोआप बंद पडायला लागला. चालू करायचा, तासाभराने पुन्हा बंद. कुणी म्हणालं व्हायरस आहे, कुणी म्हणालं पॉवर सप्लाय गेला. नवा पॉवर सप्लाय आणून बसवलासुद्धा! तरी तेच.

खरं कारण भलतंच होतं. त्या मशीनवर विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन कॉपी टाकलेली होती. ही कॉपी मायक्रोसॉफ्ट १८० दिवस वापरून बघण्यासाठी मोफत देते. मुदत संपली की ती दर तासाला मशीन बंद करते. तो बिघाड नाही, ती बनवलीच तशी आहे. त्या दिवशी तासातासाच्या तुकड्यांत काम करून रिटर्न कसाबसा रात्री भरला गेला. आणि एकदा पैसे मोजून झालेल्या गोष्टीसाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा पैसे मोजावे लागले.

यातून आजचा मुख्य मुद्दा लिहून घ्या: सर्व्हर चालतोय, याचा अर्थ लायसन्स आहे असा होत नाही. चालणं वेगळं, परवाना असणं वेगळं. उलट पुढे बघाल, लायसन्सचा सगळ्यात महत्त्वाचा भाग असा आहे की तो नसला तरी सर्व्हर कधीच तक्रार करत नाही. म्हणून तो मोजायची जबाबदारी तुमची.

आपण नेमकं काय विकत घेतो?

टेबल विकत घेतलं की टेबल तुमचं. त्यावर चार माणसं बसवा नाहीतर चाळीस. सॉफ्टवेअरचं तसं नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचंच राहतं. तुम्ही पैसे देता ते वापरायच्या परवानगीचे, आणि त्या परवानगीला अटी असतात: किती मशीनवर, किती माणसांनी, कुठल्या कामासाठी.

आपल्याकडे कॉम्प्युटर प्रोग्रॅमला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे. या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ब आलं. बेकायदा कॉपी आहे हे माहीत असूनही ती वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता नुसता दंड करू शकतं. पण आपला वापर धंद्यासाठीच असतो, त्यामुळे ही सवलत आपल्या उपयोगाची नाही.

भीती घालायला हे सांगत नाहीये. पण उद्या एखाद्या मोठ्या कंपनीचे व्हेंडर व्हायला गेलात आणि त्यांनी सॉफ्टवेअरची बिलं मागितली, तर दाखवायला काय आहे, हा प्रश्न आजच विचारलेला बरा.

नाट्यगृहाचं उदाहरण

कार्यशाळेत मी हे नाट्यगृहावरून समजावतो. समजा तुम्ही नाटकाचा प्रयोग लावलाय. दोन खर्च वेगळे असतात ना? एक नाट्यगृहाचं भाडं. दुसरं प्रत्येक प्रेक्षकाचं तिकीट. भाडं भरलं म्हणून प्रेक्षक फुकट आत येत नाहीत.

विंडोज सर्व्हरचंही असंच आहे. सर्व्हरचं लायसन्स म्हणजे नाट्यगृहाचं भाडं. क्लायंट ॲक्सेस लायसन्स, म्हणजे कॅल, हे प्रत्येकाचं तिकीट. आपल्याकडे दहातले बरेच जण पहिलं घेतात आणि दुसरं आहे हेच त्यांना माहीत नसतं.

पहिला खर्च: सर्व्हरचं लायसन्स

विंडोज सर्व्हर स्टँडर्ड आवृत्ती प्रोसेसरच्या कोरवर मोजली जाते. नियम तीन:

- मशीनमधले सगळे कोर मोजायचे.
- एका प्रोसेसरला किमान ८ कोर धरायचे.
- एका सर्व्हरला किमान १६ कोर धरायचे.

म्हणजे तुमच्या मशीनमध्ये ८ कोरचा एकच प्रोसेसर असला, तरी लायसन्स १६ कोरचंच घ्यावं लागतं. प्रेक्षक पन्नास आले तरी भाडं पूर्ण नाट्यगृहाचं! उलट १२ कोरचे दोन प्रोसेसर असतील तर २४ कोर झाले. मग १६ चा एक पॅक आणि वरच्या ८ साठी २-२ कोरचे चार पॅक.

म्हणून विक्रेता "साहेब, जरा दणकट मशीन घ्या, पुढे उपयोगी पडेल" म्हणाला, तर थांबा. १६ च्या वर गेलेल्या प्रत्येक कोरचं लायसन्सही वाढतं. छोट्या ऑफिसला १६ पर्यंत कोर भरपूर होतात.

किमतीचा अंदाज हवा असेल तर विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्डची १६ कोरची मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली किंमत १,०६९ डॉलर होती. आपल्याकडचा भाव विक्रेता, आवृत्ती आणि खरेदीचा प्रकार यांवर बदलतो, त्यामुळे तीन कोटेशन घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि लक्षात ठेवा, या किमतीत कॅल धरलेलं नाही.

दुसरा खर्च: कॅल

सर्व्हरवरची फाइल उघडणारा, सर्व्हरवर लॉगिन होणारा, सर्व्हरमार्फत प्रिंट काढणारा, अशा प्रत्येकाला कॅल लागतं. ते दोन प्रकारचं असतं.

यूझर कॅल म्हणजे माणसाच्या नावाचा पास. तो माणूस ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून येवो, लॅपटॉपवरून येवो की मोबाइलवरून, एकच कॅल पुरतं.

डिव्हाइस कॅल म्हणजे खुर्चीचं तिकीट. त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात कुणीही बसो, कितीही जण बसोत, एकच कॅल.

कुठलं घ्यायचं? दोन ऑफिसं बघू.

पहिलं, विम्याचं आणि गुंतवणुकीचं काम करणारं ऑफिस. ५ माणसं. प्रत्येकाकडे टेबलावरचा कॉम्प्युटर, फिरतीसाठी लॅपटॉप आणि मोबाइल. तिन्हींवरून सर्व्हरवरच्या फाइली बघतात. उपकरणं झाली १५, माणसं ५. इथे ५ यूझर कॅल. डिव्हाइस कॅल घेतली तर तिप्पट घ्यावी लागतील.

दुसरं, एमआयडीसीतलं पॅकेजिंग युनिट. तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत ६ ऑपरेटर, म्हणजे १८ माणसं. पण कॉम्प्युटर ६ च, पाळी बदलली की माणूस बदलतो. इथे ६ डिव्हाइस कॅल. यूझर कॅल घेतली तर १८.

कच्चा नियम असा: माणसं कमी आणि उपकरणं जास्त असतील तर यूझर, उपकरणं कमी आणि माणसं जास्त असतील तर डिव्हाइस. एकाच ऑफिसात दोन्ही प्रकार मिसळूनही घेता येतात. पॅकेजिंग युनिटच्या मालकाला आणि दोन मार्केटिंगवाल्यांना यूझर कॅल, शॉप फ्लोअरला डिव्हाइस कॅल, असं चालतं.

मोजताना लोक हमखास कुठे चुकतात, तेही सांगतो.

मालक स्वतःला मोजत नाही. तुम्हीही सर्व्हरवरची फाइल उघडताच ना? मग तुमचंही कॅल.

एका वेळी बसणारे मोजले जातात. "सर, आमच्याकडे १२ जण आहेत पण एका वेळी ५ च बसतात." यूझर कॅल घेताना माणसं मोजायची. १२ म्हणजे १२.

बाहेरचा माणूस विसरला जातो. सीएच्या ऑफिसातून येणारा मुलगा तुमच्या सर्व्हरवर काम करत असेल तर तोही मोजणीत येतो. ज्या कॉम्प्युटरला डिव्हाइस कॅल आहे त्यावर बसवला, तर वेगळं कॅल लागत नाही.

मध्ये दुसरं सॉफ्टवेअर घातलं की सुटलो, असं वाटतं. दहा जण एका बिलिंग सॉफ्टवेअरमधून जातात आणि ते सॉफ्टवेअर एकाच नावाने सर्व्हरशी बोलतं, तरी मागची माणसं दहाच धरली जातात.

आवृत्ती जुळत नाही. कॅलची आवृत्ती सर्व्हरइतकी किंवा त्याहून नवी लागते. २०२२ ची कॅल २०२५ च्या सर्व्हरला चालत नाहीत. २०२५ ची कॅल मात्र २०२२ च्या सर्व्हरला चालतात. म्हणून पुढच्या दोन वर्षांत सर्व्हर बदलायचा विचार असेल, तर कॅल नवीनच घ्या.

आता दिलाशाच्या गोष्टी. माणूस नोकरी सोडून गेला तर त्याचं यूझर कॅल त्याच्या जागी आलेल्याला देता येतं. आणि ऑफिसात दोन विंडोज सर्व्हर असले तरी माणशी कॅल एकच लागतं, दोन नाही.

मघाशी म्हणालो ना, लायसन्सचा एक भाग असा आहे की तो नसला तरी सर्व्हर तक्रार करत नाही? तो हाच. पाच कॅल घेऊन पंधरा जण जोडले तरी विंडोज सर्व्हर कुणाला अडवणार नाही. कॅल ही फाइलला लावलेल्या कागदावरची गोष्ट आहे. म्हणूनच ती बऱ्याच कोटेशनमधून "गळते". कोटेशन स्वस्त दिसतं, आणि गळालेली जबाबदारी तुमच्या गळ्यात राहते.

घरून काम करणार असाल तर तिसरं तिकीट

तुमची माणसं घरून रिमोट डेस्कटॉपने थेट सर्व्हरच्या स्क्रीनवर काम करत असतील, तर साध्या कॅलच्या वर आणखी एक कॅल लागतं, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसचं, म्हणजे आरडीएस कॅल. यात मात्र सर्व्हर अडवतो. ही सेवा चालू केल्यावर १२० दिवसांची सवलत असते, नंतर जोडणी नाकारली जाते.

"पण आमचे दोघं तर असेच जोडतात!" हो, विंडोज सर्व्हरमध्ये दोन रिमोट जोडण्या वेगळ्या कॅलशिवाय मिळतात. पण त्या सर्व्हरची देखभाल करण्यासाठी आहेत, रोजची बिलं करण्यासाठी नाहीत. आणि साध्या विंडोजवर एकाच वेळी अनेकांना रिमोटने घुसवणारी जुगाड सॉफ्टवेअर कुणी सुचवली, तर नम्रपणे नाही म्हणा.

वरचं सॉफ्टवेअर वेगळं

हा गोंधळ टॅलीवाल्यांचा सगळ्यात जास्त होतो. टॅलीप्राइम सिल्व्हर एका यूझरसाठी, गोल्ड एका लॅनवरच्या अनेक यूझरसाठी. गोल्ड घेतलं की वाटतं, चला, सगळ्यांचं झालं. टॅलीचं झालं, विंडोजचं नाही. टॅलीचा डेटा विंडोज सर्व्हरवर ठेवलात, तर तो उघडणाऱ्यांची कॅल वेगळीच लागतात.

ऑफिस सबस्क्रिप्शनचंही तसंच. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे छोट्या व्यवसायांसाठीचे बिझनेस प्लॅन घेतले म्हणजे त्यात विंडोज सर्व्हरचं कॅल आलं, असं नाही.

डेटाबेससाठी मात्र चांगली बातमी आहे. अनेक बिलिंग सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर चालतात, आणि त्याची एक्सप्रेस आवृत्ती मोफत आहे, धंद्यासाठीसुद्धा. २०२२ च्या एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. छोट्या दुकानाला ती गाठायला वर्षं लागतात. विक्रेत्याने महागडी आवृत्ती लावली असेल तर "एक्सप्रेसवर का चालणार नाही?" एवढं विचारा.

कॅल न लागणारी आवृत्ती

२५ पेक्षा जास्त माणसं नसतील, तर विंडोज सर्व्हर एसेन्शियल्सची चौकशी नक्की करा. ती २५ यूझर आणि ५० उपकरणांपर्यंत चालते, आणि त्यासाठी साधी कॅल लागत नाहीत. २०२२ च्या एसेन्शियल्सची अट अशी की मशीनमध्ये एकच प्रोसेसर हवा, तोही १० कोरपर्यंतचा. ती सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्यांमार्फत नव्या मशीनसोबत मिळते. त्या वितरकांना नंतर हीच बसली. ११ माणसांसाठी त्यांना स्टँडर्ड आणि ११ कॅलची गरजच नव्हती.

पण सर्व्हर लागतोच का?

हा प्रश्न खरं तर पहिला. चार पर्याय बघा.

१. साधा विंडोज कॉम्प्युटर. विंडोज १० आणि ११ च्या लायसन्समध्येच फाइल आणि प्रिंट शेअरिंगसाठी २० पर्यंत इतर उपकरणं जोडायची परवानगी आहे. पाच-सात माणसं, एक शेअर फोल्डर, एक प्रिंटर एवढंच काम असेल तर कॅल नको, सर्व्हर नको. फक्त विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तेव्हा ११ वापरा.

२. नॅस. नेटवर्कवर लावायचा हार्ड डिस्कचा डबा. फाइली एका जागी ठेवणं आणि बॅकअप, एवढ्यासाठी उत्तम.

३. लिनक्स. उबुंटू सर्व्हर आणि सांबा वापरून फाइल सर्व्हर बनवता येतो. दोन्ही मोफत, आणि विंडोजचे कॉम्प्युटर त्याला जोडायला मायक्रोसॉफ्टचं कॅल लागत नाही. पण मोफत म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. तो सांभाळणारा जाणकार तुमच्या गावात आहे का, आणि तुमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी बघा.

४. क्लाउड. माणशी दरमहा पैसे. सुरुवातीला हलकं, पण पाच वर्षांची बेरीज करून मगच तुलना करा.

सगळ्यांचे पासवर्ड आणि परवानग्या एका जागेवरून सांभाळायच्या असतील, तर मात्र डोमेन असलेला सर्व्हर खरंच उपयोगी पडतो. तेव्हा हेही लक्षात ठेवा: विंडोज होम असलेला लॅपटॉप डोमेनला जोडता येत नाही, प्रो लागतं. दहा लॅपटॉप होमवाले घेऊन ठेवलेत तर दहा अपग्रेडचा खर्च वाढला.

"लाइफटाइम की, फक्त काही शेकड्यांत"

ऑनलाइन अशा जाहिराती दिसतात. की म्हणजे लायसन्स नव्हे. की हा नुसता आकडा आहे, तो टाकला की सॉफ्टवेअर ॲक्टिव्हेट होतं. लायसन्स म्हणजे त्या आकड्यामागचा हक्क, आणि तो सिद्ध होतो बिलाने आणि परवान्याच्या कागदपत्रांनी.

जुना सर्व्हर स्वस्तात घेतानाही सांभाळून. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्याच मशीनशी बांधलेलं असतं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. शिवाय त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ असेल, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय. २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो.

आणि पक्क्या बिलाचा फायदा तुमचाच आहे. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर सॉफ्टवेअरवरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर ते मिळत नाही. आयकरात कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरवर ४० टक्के घसारा धरता येतो. "बिनबिलाचं स्वस्त" आणि "बिलाचं महाग" यांची तुलना हे सगळं धरून करा, सीएला विचारून. बघा फरक किती उरतो.

विक्रेत्याला विचारायचे सहा प्रश्न

१. कुठली आवृत्ती, कुठल्या वर्षाची? इव्हॅल्युएशन तर नाही ना?
२. मशीनचे कोर किती आणि लायसन्स किती कोरचं?
३. कॅल किती, यूझर की डिव्हाइस? कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीवर लिहा.
४. रिमोटने काम करायचं असेल तर आरडीएस कॅल धरलंय का?
५. लायसन्स ओईएम आहे का? मशीन बदललं तर ते नेता येईल का?
६. जीएसटी बिल आणि परवान्याची कागदपत्रं कधी देणार? हे उत्तर पैसे देण्याआधी हवं.

शेवटचा प्रश्न विचारल्यावर जो विक्रेता गडबडतो, त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

आजचा गृहपाठ

एका कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात माणसांची नावं, स्वतःचं सगळ्यात वर. दुसऱ्यात प्रत्येक जण वापरतो ती उपकरणं. तिसऱ्यात, तो माणूस सर्व्हरवर नेमकं काय करतो: फाइल, प्रिंट, टॅली, रिमोट. खाली बेरीज करा. तो कागद हातात घेऊनच विक्रेत्याशी बोलायला बसा.

आणि ऑफिसात सर्व्हर आधीपासून असेल, तर आजच एक फाइल उघडा. त्यावर "लायसन्स" असं लिहा आणि सगळी बिलं शोधून त्यात लावा. एखादं बिल सापडलं नाही, तर ते आज कळलेलं चांगलं. २० तारखेला दुपारी कळण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

पुढच्या व्हिडिओत बॅकअप नेमका किती प्रतींचा आणि कुठे ठेवायचा, ते बघू. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या, आणि कागद पक्के ठेवा!